ज्येष्ठमधाचं धुवण

रामभाऊ पुराणिकांना फसवलं ते ज्येष्ठमधाने, आणि ती फसवणूक ओळखणं हे ज्याचं काम होतं त्या डॉक्टरने. ज्येष्ठमध मी पुरवत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की यानं स्वतःचं नाव लपवलं.

झाशीत मानिक चौकात माझं दुकान आहे. पुढे हुक्क्याचा तंबाखू, चिलमी, नळ्या आणि कोळसा, मागे पोत्यांत जडीबुटी. वडील महाराष्ट्रातून इथे सरकारी कारखान्यात नोकरीला आले. मी बारावीला दोनदा बसलो आणि घरात दुसरी नोकरी येण्याची त्यांची आशा संपवली. सायकलच्या हँडलला नमुन्यांच्या पिशव्या अडकवून मी धंदा सुरू केला. भाव पाडून घेण्यात या शहरात माझा हात धरणारा कोणी नाही. मला राग लवकर येतो आणि त्याचा फायदाही होतो. मी उठून चालायला लागलो की समोरचा मागून हाक मारतो. आयुष्यात एकाच माणसाने मला अशी हाक मारली नाही. ते रामभाऊ.

बडा बाजारातल्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. बोळ इतका चिंचोळा की समोरून स्कूटर आली तर कोणीतरी एकाने ओट्यावर चढायचं. त्यांचे पूर्वज पूजाअर्चेसाठी इकडे आणले गेलेले. आजोबा स्वतःपुरती तपकीर कुटायचे, शेजारी मागू लागले, आणि मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं म्हणून जास्त कुटायला लागले. तपकिरीवरून घर हुक्क्याच्या तंबाखूवर आलं. नातेवाईक नाक मुरडायचे. रामभाऊ म्हणायचे, "देवाला धूप लागतो, माणसाला धूर. मी दुसऱ्या खात्यात आहे, इतकंच."

बाजार त्यांना पुराणिकजी म्हणायचा, मी काका म्हणायचो. ते मला खूश असले की सुध्या म्हणत आणि रागावले की सुधीरजी. सगळ्या झाशीत जी लावलं की मान मिळतो; त्यांच्या तोंडून जी ऐकलं की मी समजायचो, आज काही खरं नाही.

उघडं, बारीक, गोरं अंग, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तंबाखू कालवायला बसताना ते जानवं कानावर चढवत, तंबाखूला लागू नये म्हणून. काकू आतून म्हणायच्या, "बाहेरून बघणाऱ्याला वाटेल तुम्ही भलत्याच कामाला बसलाय." त्यावर काका न हसता म्हणायचे, "तिथेही मी इतकंच लक्ष देतो."

कालवायचं भांडं पितळेचं, मोठं. त्याला ते तसराळं म्हणत. असे शब्द आमच्या कारखान्याच्या कॉलनीत कोणाला माहीत नव्हते, मी त्यांच्याकडे शिकलो. धुतलेलं, पिळलेलं, बारीक कापलेलं पान त्यात पडायचं. त्यावर गुळाचा पाक. हल्लीच्या गिऱ्हाइकासाठी थोडं ग्लिसरीन, ज्याला ते परदेशी तूप म्हणत. आणि शेवटी ज्येष्ठमधाचा अर्क. ज्येष्ठमधाची मुळी, इथल्या भाषेत मुलेठी, कुटून ती दिवसभर पितळी पातेल्यात उकळायची, पाणी चौथाई राहिलं की गाळायचं, पुन्हा आटवायचं. शेवटी तळाला काळं, चकचकीत, डिंकासारखं काहीतरी राहतं. ते खरवडून तसराळ्यात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. त्यांनी मला चिलीम भरून दिली आणि म्हणाले, "तीन झुरके. पहिला कोळशाचा, दुसरा तंबाखूचा, तिसरा आपला. तिसऱ्याच्या आधी बोलायचं नाही."

मी तीन झुरके घेतले आणि म्हणालो, "गोड आहे. पण गूळ जास्त वाटत नाही. गोड येतंय कुठून?"

"थांब जरा. धूर सोडलास ना? आता तोंड मीट."

तोंड मिटलं आणि मग ते आलं. जिभेच्या टोकावर नाही, पार मागे, पडजिभेपाशी. थंडही नाही, गरमही नाही, लाकडासारखं काहीतरी, आणि त्याच्या मागोमाग असा गोडवा की घोटभर पाणी प्यालो तर पाणीही गोड.

"साखर दारातच भेटते," काका म्हणाले. "ज्येष्ठमध पाहुणे गेल्यावर बोलतो."

मी तिथल्या तिथे दहा किलोची मागणी केली. ते म्हणाले, पंधरा दिवस मुरावं लागतं. मी म्हणालो, आठ दिवसांत द्या, दर वाढवून घ्या. ते म्हणाले, "आईच्या पोटात नऊ महिने राहिलास ना? तिच्याशी घासाघीस केलीस?"

मी उठलो, वहाणा घातल्या, बोळ संपेपर्यंत चाललो. हाक आली नाही. दहाव्या दिवशी मीच परत गेलो. त्यांनी दोन चिलमी लावल्या, एक दहा दिवसांची आणि एक पुरी मुरलेली. पहिलीत गोडवा आणि तंबाखू भांडलेल्या भावांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दुसरीत कोण कोण आहे ते कळत नव्हतं. मी पाच दिवस थांबलो. त्या दिवसापासून त्यांच्याकडे मी भाव केला नाही, आणि हे वाक्य लिहायला मला अजून जड जातं.

ज्येष्ठमधाबरोबर काय चालतं आणि काय नाही, यावर ते तासभर बोलू शकत. पुदिना चालतो, पण आधी पुदिना संपतो आणि मग ज्येष्ठमध एकटा राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवायचं. संत्र्याची वाळवलेली साल सगळ्यात चांगली, कारण तिचा कडवटपणा ज्येष्ठमधाला जमिनीवर ठेवतो. गुलाब कधीच नाही. "गुलाब आणि ज्येष्ठमध एकत्र केलेस तर हुक्का नाही, लग्नघरातलं आजारपण होतं." कोळसा जास्त पेटला की गोडवा करपतो आणि जळक्या गुळासारखा कडू होतो. आणि ज्या नळीतून ज्येष्ठमध गेला त्या नळीला दुसरा कोणताच वास पुन्हा नीट लागत नाही. सफरचंदाचा तंबाखू भरा, मागून ज्येष्ठमध येतोच. म्हणून मी दुकानात त्याची नळी वेगळी विकतो. ही अक्कलही त्यांचीच.

एकदा मी दिल्लीहून एक बाटली आणली. आत काळा अर्क, वर परदेशी चित्र. विकणाऱ्याने सांगितलं, यात सगळं आहे, चार थेंब टाका, उकळायची गरजच नाही. मला वाटलं काकांचे कष्ट वाचतील. खरं म्हणजे माझे पंधरा दिवस वाचतील. काकांनी बूच काढलं, नाकापासून हातभर लांब धरलं आणि काकूंना हाक मारली.

"अगं, इकडे ये. काय आहे हे?"

काकूंनी वास घेतला. "बडीशेप."

"ऐकलंस सुधीरजी? बडीशेप आहे ती. काळा कोट घालून आलीय." मग बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "परत कर. आणि तुला ज्याने विकली त्याच्याशी भांड. तुला भांडायला आवडतं."

मी भांडलो. बाटली परत दिली, आणि त्या बदल्यात त्याच दुकानदाराकडून जाडजूड अफगाणी मुळी पाडून मिळवली. आतून पिवळीजर्द, चावली तर दात गोड होतील अशी. काकांना दाखवली. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात धरला, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "सुध्या, ही मुळी नाही रे. हा वसंत आहे." त्यांच्याकडून इतकं मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना तीच मुळी देऊ लागलो. ही गोष्ट साधारण दोन वर्षांपूर्वीची.

आता ती सवय सांगतो. पुराणिकांच्या घरात दिवसभर उकळलेली वस्तू मोरीत ओतत नसत. दुधाचं पातेलं असो, वरणाचं असो, पाकाचं असो. रिकामं झालं की त्यात पेलाभर पाणी फिरवायचं आणि ते पाणी घरातल्या कोणीतरी प्यायचं. ते धुवण म्हणजे अन्न. काकांच्या आईने शिकवलं, तिला तिच्या सासूने. अर्क खरवडल्यावर ज्येष्ठमधाच्या पातेल्यातही काका पाणी फिरवत आणि ते तपकिरी, गोड धुवण उभ्यानेच पिऊन टाकत. तंबाखूचा त्याला स्पर्श नसे, भांडं वेगळं. गोड खायला त्यांना परवडायचं नाही असं नव्हतं. पण पातेलं स्वच्छ झालं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी मिठाईच्या दुकानात कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मलाही एकदा दिलं होतं. "घे घोटभर. घसा लोण्यासारखा होईल." मी प्यालो. छान लागलं.

लग्नसराईत पातेलं रोज चढायचं. माझ्या मागण्या वाढल्या होत्या. आग्र्याचे, जयपूरचे लोक ज्येष्ठमधाचाच माल मागत होते. म्हणजे काका रोज पेलाभर धुवण पीत होते, तेही माझ्या त्या वसंताचं.

मागच्या हिवाळ्यात आग्र्याच्या माणसाचा फोन आला. "भाईसाहब, इस बार का माल दवाई जैसा है. इतना मीठा कि मुँह में चिपक जाता है." मी त्याला शिव्या दिल्या. मग जयपूरचा तसाच फोन आला. मी दुकानात चिलीम लावली. ते खरं बोलत होते. पहिल्याच झुरक्याला ज्येष्ठमध, दुसऱ्याला ज्येष्ठमध, तिसऱ्याला तंबाखू शोधायला गेलो तर ज्येष्ठमधच.

मी तडक बडा बाजारात गेलो आणि बोळातूनच ओरडत शिरलो. "काका, हे काय चाललंय? अर्क दुप्पट घातलाय तुम्ही!"

ते ओसरीवर बसले होते. तसराळं समोर, हात मांडीवर. म्हणाले, "दुप्पट? मला तर कमीच वाटतोय. मुळी बदललीस का?"

"मुळी तीच आहे! तुमची जीभ गेलीय!"

हे मी बोललो. ज्या माणसाच्या जिभेवर मी घर बांधलं त्याला. त्यांनी चिमूटभर माल तोंडात घेतला, बराच वेळ धरला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे विचारल्यासारखं पाहिलं. "तुला खरंच जास्त लागतंय?"

मग तसराळं उचलून बाजूला ठेवायला गेले आणि ते उचललं गेलं नाही. पुन्हा जोर लावला. हसले. "थंडी आहे." मी उचलून ठेवलं. मला वाटलं, म्हातारा टाळतोय, मी ओरडलो म्हणून सोंग करतोय. हेही इथे लिहून ठेवतो.

पंधरा दिवसांत त्यांचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. मुलगा इंदूरला नोकरीत, तो फोनवर म्हणाला, "सुधीर भैया, आप दिखा दीजिए ना." मीच त्यांना गाडीत घालून सीपरी बाजारातल्या एका डॉक्टरकडे नेलं. नाव लिहीत नाही. दवाखाना चांगला चालतो, बाहेर चपलांचा ढीग असतो. डॉक्टरने पट्टा बांधला, दाब बघितला, भुवया वर केल्या.

"तंबाकू खाते हैं?"

"बनाता हूँ. खाता नहीं," काका म्हणाले.

"शराब?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

"नमक बंद. ये गोली सुबह, ये शाम. पैरों का पानी उतारने की एक अलग से."

दोन मिनिटं. मी बाहेर येऊन काकूंना म्हणालो, डॉक्टर हुशार दिसतोय, फार बोलला नाही. मला कमी बोलणारी माणसं पसंत आहेत. बहुतेक वेळा ती भावात फसवत नाहीत.

पायांची सूज उतरली. पण काका आणखी गळाले. पुन्हा गेलो. डॉक्टरने गोळी वाढवली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, "उम्र है भाईसाहब. सत्तर के बाद ऐसा होता है." मी म्हणालो, तीन महिन्यांपूर्वी हा माणूस वीस किलोचं भांडं उचलत होता, त्याचं वय तीन महिन्यांत वाढलं का? तो म्हणाला, "आप बाहर बैठिए."

काकूंनी घरातलं मीठ इतकं कमी केलं की वरण आणि गरम पाणी यांत फरक राहिला नाही. काका तक्रार करत नसत. फक्त एकदा म्हणाले, "सुध्या, दिवसभरात एकच गोष्ट चवीची लागते बघ, ते धुवण." हातात गडू होता. आता ते पातेल्यात एकदा नाही, दोनदा पाणी फिरवायला लागले होते. काकू कौतुकाने म्हणाल्या, "निदान तेवढं तरी पोटात जातंय." मी मान डोलावली. तिघांपैकी कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. खोकला झाला की लहान मुलालाही आपण ज्येष्ठमध चाटवतो.

फाल्गुनात एका सकाळी काकूंचा फोन आला. काका अंघोळीच्या पाटावरून उठू शकत नव्हते. शुद्धीत होते, बोलत होते. फक्त पाय ऐकत नव्हते. मी पोचलो तेव्हा ओला पंचा गुंडाळून बसलेले. मला बघून म्हणाले, "ये सुधीरजी. आज मी तुझ्यापुढून उठून जाऊ शकत नाही. काय भाव करायचा तो करून घे."

मी त्यांना ग्वाल्हेरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, केस रबराने बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. रक्ताचा कागद आला. तिने तो दोनदा वाचला, खुर्ची ओढून काकांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "बाबूजी, सुबह उठने से लेकर सोने तक मुँह में जो-जो जाता है, सब गिनाइए. पानी भी."

काका एकेक मोजून सांगू लागले. चूळ. चहा अर्धा कप. बिनमिठाची पोळी. मग थोड्या अभिमानाने म्हणाले, "और पतीले का धोवन."

"किसका धोवन?"

"मुलेठी का."

तिचं पेन थांबलं. "कितना?"

काकांनी हाताने गडूची उंची दाखवायचा प्रयत्न केला. हात उठला नाही, म्हणून काकूंनी दाखवली.

"कब से?"

"हमारे यहाँ तो," काका म्हणाले, "पीढ़ियों से."

मग तिने आम्हाला समजावलं. ज्येष्ठमध फार पोटात गेला तर अंगातलं पोटॅशियम निघून जातं आणि दाब चढतो. स्नायूंना काम करायला पोटॅशियम लागतं. हृदय हाही स्नायूच. पायांचं पाणी उतरवणाऱ्या गोळीने उरलंसुरलंही काढून नेलं. पूर्वी कदाचित निभावलं असेल, मुळी साधी असेल, धुवण पातळ असेल. ती बोलत होती आणि मी त्या अफगाणी पोत्याचा विचार करत होतो, जे मी दिल्लीत भांडून मिळवलं होतं.

काकूंनी विचारलं, "बेटी, पहले किसी ने पूछा क्यों नहीं?" तिने सलाईनचा वेग बघितला.

काका मात्र चौकशी करत होते. "तो जीभ उसी से मर गई थी? मीठे का पता नहीं चलता था?"

"हो सकता है, बाबूजी."

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरोखर सुटका झाल्यासारखं होतं. "ऐकलंस? मी मापात चुकलो नव्हतो रे. आग्र्याच्या माणसाला सांग."

मी हो म्हणालो. काकांना स्वतःच्या जिवाची भीती नव्हती. फक्त माप चुकलं नाही एवढंच आग्र्याला कळायला हवं होतं.

दोन दिवस सलाईन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली काकूंसाठी जेवण आणायला निघालो. काका उशीला टेकून बसले होते. शेजारच्या खाटेवर भिंडकडचा एक पैलवान होता, पाय मोडलेला. काका त्याला सांगत होते की संत्र्याची साल उन्हात नाही, सावलीत वाळवायची. पैलवान कधी हुक्का ओढत नव्हता, तरी मान हलवत होता. मी दारात पोचलो तेव्हा काकांनी "सुध्या" अशी हाक मारली. पंचवीस वर्षांत त्यांनी मला मागून मारलेली ती पहिली हाक. मी वळलो. त्यांनी उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला, मग खांद्यापर्यंत, मग कानाच्या केसांपर्यंत. तिथे तो त्यांनी धरून ठेवला, मला नीट दिसेपर्यंत, लहान मूल नवीन बूट दाखवतं तसा.

मी जेवणाचे डबे घेऊन वर आलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. हृदय ठोके चुकवत होतं आणि मग थांबलं, असं डॉक्टरीण म्हणाली. ती रडत होती. इतक्या कमी पोटॅशियममध्ये असं होऊ शकतं, ती म्हणाली, आम्ही जितकं लवकर भरता येईल तितकं भरत होतो. मला तिच्याशी भांडता आलं नाही.

तेराव्यानंतर मी सीपरी बाजारात गेलो. तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, तीनदा आणलं, एकदा तरी का नाही विचारलं हा माणूस काय पितो? डॉक्टरने शांतपणे चष्मा पुसला.

"मुलेठी? भाईसाहब, वो तो खाँसी की दवा है. ऐसे तो मैं पूछता फिरूँ कि तुलसी के कितने पत्ते खाए."

"पूछना चाहिए था."

"आपको पता था कि वे पीते हैं?"

"हाँ."

"तो आपने क्यों नहीं बताया?"

मी चिठ्ठ्या उचलून खिशात घातल्या. बाहेर चपलांच्या ढिगात मला माझी जोडी सापडेना. मी उगाच तिथल्या माणसावर ओरडलो आणि एक अनोळखी जोडी घालून घरी आलो.

काकू म्हणतात, "सोड आता. आणणारा तू, उकळणारे ते, गडू भरून देणारी मी. कोणाला धरायचं?" मला हे मान्य नाही. सगळ्यांचंच असेल तर ते कोणाचंच नाही, असा व्यवहार मी आयुष्यात केलेला नाही. पोतं मी आणलं. धुवण पिताना मी बघितलं. जीभ गेली असं मी ओरडून सांगितलं आणि ती का गेली हे विचारलं नाही. माझा वाटा मी घेतो, एका शब्दाचीही घासाघीस न करता. उरलेला कोणाचा? डॉक्टरसाहेब, तीन चिठ्ठ्यांवर तीन वेळा तुमची सही आहे. सांगा, उरलेला कोणाचा?